चोरी कार्डाच्या क्रमांकाची, भुर्दंड कोणाला?

पत्र : मी नाशिक येथील एक निवृत्त मुख्याध्यापक आहे. माझ्याकडे दोन लाख रुपये मर्यादेचे एक क्रेडिट कार्ड आहे. गेल्या महिन्यातील चौथ्या शनिवारी पहाटे दोनच्या सुमारास एका परदेशी संकेतस्थळावर त्या कार्डावरून प्रथम 92 रुपयांचा आणि चारच मिनिटांनी 41,380 रुपयांचा व्यवहार झाला. मला ओटीपी आला नाही. पैसे गेल्याचे एसएमएस तेवढे आले. पुतण्याच्या लग्नासाठी मी गावी होतो. बुधवारी सकाळी घरी परतल्यावर एसएमएस पाहिले आणि त्याच तासात बँकेला फोन करून कार्ड बंद करून घेतले व तक्रार क्रमांक घेतला. मधल्या सोमवारी सणानिमित्त बँकांना सुट्टी होती. कार्ड पूर्ण वेळ माझ्या पाकिटात होते आणि त्याचा क्रमांक मी कोणालाही सांगितलेला नाही. आता बँकेचे उत्तर आले आहे की, व्यवहार कार्डाचा योग्य तपशील देऊन झाला असल्यामुळे बँक जबाबदार नाही. बँक म्हणते, आंतरराष्ट्रीय व्यवहारांची सोय मी स्वतः चालू ठेवली होती. शिवाय पाच दिवसांनी तक्रार केल्यामुळे निदान 10,000 रुपये तरी मला भरावेच लागतील, असेही तिचे म्हणणे आहे. बिलाची मुदत आठ दिवसांवर आली आहे. मित्र म्हणतात, भांडून पैसे परत घ्या, बँकेचा विमा असतो, कोणाच्याच खिशातून काही जात नाही. मला मात्र हे पटत नाही, कारण माझी मुलगी येवल्याच्या पैठण्या ऑनलाइन विकते आणि गेल्या वर्षी तिने परदेशी ग्राहकाला पाठवलेल्या 58,000 रुपयांच्या दोन पैठण्यांचे पैसे ‘कार्ड चोरीचे होते’ या कारणाने दोन महिन्यांनी तिच्या खात्यातून परत कापले गेले. मग या चोरीची किंमत नेमकी मोजतो तरी कोण?

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सांगतो. पत्रात लिहिल्याप्रमाणे सर्व घडले असेल, तर हे 41,472 रुपये आपण भरायचे नाहीत, आणि 10,000 रुपयेही नाहीत. आजच्या घडीला ती रक्कम आपल्या बँकेने सोसायची आहे, आणि बँकेने आपले काम नीट केले तर ती पुढे त्या परदेशी विक्रेत्याकडून वसूल होईल, म्हणजेच आपल्या मुलीसारख्याच कोणाकडून तरी. विम्याविषयी आपल्या मित्रांचे म्हणणे खरे नाही, आणि ते आपल्याला पटले नाही हे योग्यच झाले.

मुदत जवळ आली असल्यामुळे प्रथम बिलाचे पाहू. बिलातील जे व्यवहार आपले स्वतःचे आहेत, त्यांची पूर्ण रक्कम मुदतीपूर्वी भरा. केवळ ‘किमान देय रक्कम’ भरून थांबू नका, कारण मग उरलेल्या रकमेवर व्याज लागते आणि वादातील रक्कम कोणती व थकबाकी कोणती याचा घोळ होतो. वादातील दोन नोंदी वगळून बाकी रक्कम भरत आहोत, असे बँकेला त्याच दिवशी ईमेलने कळवा. ग्राहकाने फसवणूक म्हणून हरकत घेतलेल्या व्यवहारावर वादाचा निकाल लागेपर्यंत कोणतेही शुल्क आकारता येत नाही, असे रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट कार्डांविषयीचे निर्देश सांगतात. वाद प्रलंबित असताना ग्राहकाला थकबाकीदार म्हणून पतमाहिती संस्थेकडे, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडे, कळवण्याच्या बाबतीतही त्या निर्देशांनी बँकांना सावधगिरीची सक्ती केली आहे. वसुली विभागातून फोन आला तर घाबरून रक्कम भरून मोकळे होऊ नका. एकदा भरलेली रक्कम परत मागणे हे न भरलेल्या रकमेवर हरकत घेण्यापेक्षा पुष्कळ कष्टाचे असते.

आता मूळ नियमाकडे वळू. ग्राहकाच्या संमतीवाचून झालेल्या इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत तोशीस कोणी सोसायची, याची चौकट रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकाने घालून दिली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती सहकारी बँकांनाही लागू केली. चूक किंवा त्रुटी बँकेची असेल तर ग्राहकाने तक्रार केली असो वा नसो, त्याच्यावर काहीही भार पडत नाही. चूक ग्राहकाची असेल, म्हणजे त्याने ओटीपी, पिन किंवा कार्डाचा तपशील कोणाला दिला असेल, तर बँकेला कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान त्याचे आणि त्यानंतरचे बँकेचे. तिसरा प्रकार आपला आहे : दोष ना बँकेचा, ना ग्राहकाचा, तर व्यवस्थेत अन्यत्र कोठेतरी. अशा वेळी बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तक्रार केली तर ग्राहकाचे उत्तरदायित्व शून्य असते. चार ते सात कामकाजाचे दिवस लागले तर ते मर्यादित असते. पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला दर व्यवहारामागे जास्तीत जास्त 10,000 रुपये, त्याहून मोठ्या मर्यादेच्या कार्डाला 25,000 रुपये. सात दिवसांच्या पुढे गेले तर बँकेच्या संचालक मंडळाने ठरवलेल्या धोरणाप्रमाणे निर्णय होतो. हे धोरण बँकेच्या संकेतस्थळावर असते. पत्र लिहिण्यापूर्वी त्यातील चालू मुदती आणि रकमा एकदा डोळ्यांखालून घाला.

बँकेने आपल्याला जे 10,000 रुपये सांगितले ते या दुसऱ्या पायरीवरून. पण तिची मोजणीच चुकली आहे. हे दिवस पंचांगाचे नसून कामकाजाचे आहेत, ते ग्राहकाच्या मूळ शाखेच्या वेळापत्रकानुसार मोजायचे आहेत आणि सूचना मिळाल्याचा दिवस त्यांतून वगळायचा आहे. एसएमएस आले तो चौथा शनिवार. तो सूचनेचा दिवस म्हणून तर वगळला जातोच, शिवाय त्या दिवशी बँका बंदही असतात. रविवार सुट्टीचा, सोमवार सणाचा. पहिला कामकाजाचा दिवस मंगळवार आणि दुसरा बुधवार, ज्या दिवशी आपण फोन केला. तीन दिवसांची मुदत संपायला अजून एक पूर्ण दिवस शिल्लक होता. पत्रात हा हिशेब असाच, वारांसह लिहा. मात्र ‘मी एसएमएस बुधवारी वाचले, म्हणून मुदत बुधवारपासून मोजा’ असे म्हणू नका. मुदत सूचना मिळाल्यापासून धावते, वाचल्यापासून नव्हे, आणि जिंकत असलेल्या बाजूला दुबळ्या युक्तिवादाची जोड देऊ नये. एवढे मात्र सांगतो की, तक्रार नोंदवण्याची सोय बँकेला चोवीस तास ठेवावी लागते, त्यामुळे लग्नघरातूनही ती करता आली असती. यंदा सुट्ट्यांनी आपल्याला तारले.

‘व्यवहार कार्डाचा योग्य तपशील देऊन झाला’ हे बँकेचे वाक्य वरवर पाहता बिनतोड वाटते, पण त्यात पुरावा म्हणून काहीच नाही. कार्डाचा क्रमांक योग्य नसता तर व्यवहार झालाच नसता. प्रश्न तो क्रमांक कोणाकडून फुटला हा आहे. आपण ज्या हॉटेलात, दुकानात किंवा संकेतस्थळावर कधीकाळी कार्ड वापरले, त्यांच्या संगणकातून तो गेला असू शकतो. कोणाकडूनही न फुटता तो निव्वळ तर्काने काढलाही जातो : कार्डावरचे पहिले सहा ते आठ अंक कोणत्या बँकेचे कोणते कार्ड हे सांगतात, शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून ठरावीक गणिताने निघतो, आणि मधल्या अंकांच्या, मुदतीच्या व सीव्हीव्हीच्या (कार्डामागील गुप्त अंकांच्या) हजारो जुळण्या संगणक एकामागून एक करून पाहतो. जुळणी लागली की नाही हे तपासण्यासाठी आधी एखाद्या डॉलरची किरकोळ खरेदी केली जाते आणि ती पार पडली की लगेच मोठा हात मारला जातो. म्हणूनच आपल्या तक्रारीतील 92 रुपये ही क्षुल्लक बाब समजून सोडू नका. पहाटे दोन वाजता 92 रुपये आणि चार मिनिटांनी 41,380 रुपये, ही जोडगोळी या धंद्यातील माणसांच्या पूर्ण परिचयाची आहे. ती पाहून बँकेच्या यंत्रणेने दुसरा व्यवहार अडवायला हवा होता, असे पत्रात स्पष्ट लिहा.

ओटीपी न येणे ही गोष्टही आपल्या विरुद्ध जात नाही, उलट आपल्या बाजूने साक्ष देते. भारतात 1 ऑगस्ट 2009 पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसऱ्या पडताळणीची सक्ती आहे, परंतु विक्रेता व त्याची बँक परदेशातील असेल तर ती सक्ती तेथे पोहोचत नाही, आणि चोर नेमकी हीच वाट धरतात. रिझर्व्ह बँकेच्या 25 सप्टेंबर 2025 च्या निर्देशांनी परदेशी विक्रेत्याने पडताळणी मागितल्यास ती करून देण्याची व्यवस्था 1 ऑक्टोबर 2026 पर्यंत उभारण्यास बँकांना सांगितले आहे. मात्र त्यातला ‘मागितल्यास’ हा शब्द लक्षात ठेवावा, कारण विक्रेत्याने मागितलेच नाही तर दार पूर्वीसारखेच उघडे राहते. मुद्दा असा की, ओटीपी मागितलाच गेला नव्हता, तर तो आपण कोणाला दिला असा आरोपही होऊ शकत नाही, आणि ग्राहकाच्या निष्काळजीपणाचा सर्वसाधारण आधारच नाहीसा होतो.

आंतरराष्ट्रीय व्यवहारांची सोय चालू ठेवण्याबद्दल बँक आपल्याला दोष देते, तो मला मान्य नाही. जानेवारी 2020 च्या आदेशापासून नवे कार्ड केवळ देशांतर्गत एटीएम आणि दुकानांतील यंत्रे यांच्यापुरतेच चालू स्थितीत दिले जाते आणि ऑनलाइन, परदेशी व स्पर्शविरहित व्यवहारांची कळ ग्राहकाने स्वतः चालू करायची असते. ती कळ बँकेने वापरण्यासाठीच दिली आहे. वापरली म्हणून निष्काळजी ठरवायचे असेल, तर कार्ड घेणे हाच निष्काळजीपणा म्हणावा लागेल. हे झाले वादापुरते. व्यवहार म्हणून विचाराल तर ती कळ आजच बंद करा आणि परदेशी खरेदी करायची त्या दहा मिनिटांपुरतीच उघडा.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बँकेच्या उत्तरात कोठेच नाही : ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. आपण निर्दोष आहोत हे आपल्याला दाखवून द्यायचे नाही. आपण दोषी आहात हे बँकेने दाखवायचे आहे. हा भार कोणावर असतो यावर पुढचे सारे अवलंबून राहते. 1990 च्या दशकात ब्रिटनमध्ये तो प्रत्यक्षात ग्राहकांवर होता. खात्यातून न काढलेले पैसे एटीएममधून गेल्याची तक्रार घेऊन कोणी गेला की बँका सांगत, आमची यंत्रणा चुकत नाही, तुम्हीच किंवा तुमच्या घरच्या कोणी काढले असतील. केंब्रिजजवळच्या एका पोलीस शिपायाने अशी तक्रार केली, तर त्याच्यावरच फसवणुकीच्या प्रयत्नाचा खटला चालून 1994 मध्ये तो दोषी ठरला. 1996 मध्ये अपिलात त्याची निर्दोष मुक्तता झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. अमेरिकेने याच्या उलट वाट 1970 सालीच धरली होती. तेथे बँका लोकांना न मागता टपालाने क्रेडिट कार्डे पाठवीत, ती टपालातच चोरीला जात आणि बिल मात्र नाव छापलेल्या माणसाला येई. तेव्हा कायद्याने असे ठरवले की, कार्डाच्या अनधिकृत वापरात ग्राहकावर 50 डॉलरपेक्षा अधिक भार टाकता येणार नाही. कार्ड ग्राहकाजवळच असून नुसता क्रमांक चोरीला गेला असेल, तर फोनवरून किंवा इंटरनेटवरून झालेल्या अशा वापरात तेवढेही द्यावे लागत नाहीत. परिणाम असा झाला की, नुकसान स्वतःच्या ताळेबंदात दिसू लागल्यावर तेथील बँकांनी संशयास्पद व्यवहार हुडकणाऱ्या यंत्रणांवर पैसा ओतला. माझे मत विचाराल तर, नुकसान ज्याला टाळता येते त्याच्याच माथी ते बसले पाहिजे. अन्यथा ते टाळण्याची कोणाला घाई नसते. निवृत्त मुख्याध्यापकाने रात्री दोन वाजता काय करावे अशी अपेक्षा आहे? बँकेच्या संगणकाला मात्र तेव्हाही झोप नसते.

आपल्या न्यायालयांचा कलही अलीकडे याच दिशेने दिसतो. मुंबई उच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये एका कंपनीच्या खात्यातून गेलेले सुमारे 76 लाख 90 हजार रुपये परत करण्याचा आदेश तिच्या बँकेला दिला, आणि त्यासाठी 2017 च्या याच परिपत्रकाचा आधार घेतला. तो वाद कार्डाचा नसून खात्यातून परस्पर वळवलेल्या पैशांचा होता, पण तत्त्व तेच. गुवाहाटी उच्च न्यायालयाने एका ग्राहकाचे 94,204 रुपये भरून देण्यास बँकेला सांगितले होते. त्याने 24 तासांच्या आत तक्रार केलेली होती, तर बँकेचे म्हणणे होते की त्याने स्वतःच गुप्त तपशील फोडला. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला आणि उपलब्ध तंत्रज्ञान वापरून असे व्यवहार रोखणे ही बँकेची जबाबदारी असल्याचे बजावले. त्याच वेळी ओटीपी कोणालाही देऊ नये, असे ग्राहकांनाही सुनावले. आपल्या बाबतीत तो दुसरा भाग उद्भवतच नाही.

आता आपला खरा प्रश्न : बँकेने आपल्याला पैसे परत केले, तर ते जातात कोणाचे? बँकांनी फसवणुकीचा विमा उतरवलेला असू शकतो, पण विमा कंपनी काही पदरमोड करून धर्मादाय करीत नाही. दावे वाढले की हप्ता वाढतो. खुद्द परिपत्रकातच असे म्हटले आहे की, विम्याच्या दाव्याची वाट न पाहता बँकेने ग्राहकाची रक्कम जमा करावी. कार्डाच्या जगात नुकसान सरकते ते वेगळ्या मार्गाने. कार्ड देणारी बँक व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांसारख्या जाळ्यामार्फत विक्रेत्याच्या बँकेकडे रक्कम परत मागते, याला चार्जबॅक म्हणतात. विक्रेत्याची बँक ती रक्कम विक्रेत्याच्या खात्यातून कापून घेते, वर स्वतःचे शुल्क लावते, आणि पाठवलेला माल तर केव्हाच गेलेला असतो. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले, अशी विक्रेत्याची अवस्था होते. व्हिसा व मास्टरकार्डच्या नियमांनुसार अशी मागणी साधारणतः 120 दिवसांपर्यंत करता येते. म्हणूनच आपल्या मुलीला दोन महिन्यांनी धक्का बसला.

या सरकण्याला एक अडसर आहे आणि तो आपल्या मुलीच्या कामाचा आहे. विक्रेत्याने व्यवहाराच्या वेळी ग्राहकाच्या बँकेकडून पडताळणी करवून घेतली असेल, म्हणजे ज्याला थ्री-डी सिक्युअर म्हणतात ती पायरी वापरली असेल, तर नंतर कार्ड चोरीचे निघाले तरी नुकसान सामान्यतः कार्ड देणाऱ्या बँकेकडे राहते. विक्रेत्याने ती पायरी गाळली असेल तर ते विक्रेत्याकडे येते. बरेच परदेशी विक्रेते ती जाणूनबुजून गाळतात, कारण आणखी एक पडदा आला की काही ग्राहक खरेदी अर्धवट सोडून जातात. थोडी फसवणूक सोसून जास्त विक्री होत असेल तर त्यांना तो सौदा परवडतो. आपल्याला ओटीपी न येण्याचे कारण बहुधा हेच असेल, आणि तसे असेल तर त्या विक्रेत्याने हा धोका स्वतःच्या हिशेबात आधीच धरलेला आहे. त्याच्याविषयी मनाला फार टोचणी लावून घेण्याचे कारण नाही. चिप असलेल्या कार्डांबाबतही हाच न्याय लावला गेला. अमेरिकेत 1 ऑक्टोबर 2015 पासून असे ठरले की, चिप वाचणारे यंत्र न बसवणाऱ्या दुकानात बनावट कार्ड चालले तर नुकसान त्या दुकानदाराच्या बाजूचे. वर्षानुवर्षे रेंगाळलेली यंत्रे त्यानंतर दुकानांत भराभर दिसू लागली.

येवल्याची पैठणी विकणाऱ्या एकट्या बाईला मात्र असा सौदा परवडत नाही. तिच्या मालाला मागावर आठवडे लागतात, नफा बेताचा असतो, आणि दोन पैठण्या गेल्या की पुढच्या कित्येक विक्रींची कमाई त्यात वाहून जाते. तिने आपल्या पेमेंट गेटवेला, म्हणजे तिच्यासाठी ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीला, लेखी विचारावे की, परदेशी कार्डांसाठी थ्री-डी सिक्युअर सक्तीचे करता येते का. होत असल्यास करून घ्यावे, चार ग्राहक गळाले तरी चालतील. अमेरिका, ब्रिटन व कॅनडातील कार्डांबाबत बिलाचा पत्ता बँकेतील पत्त्याशी जुळतो का हे पाहण्याची सोय असते, तीही चालू असावी. पहिल्यांदाच आलेला ग्राहक, मोठी रक्कम, लगोलग दोन-तीन कार्डे नाकारली जाऊन चौथे चाललेले, ‘आजच पाठवा, खर्च कितीही होऊ द्या’ अशी घाई, कार्ड एका देशाचे आणि पत्ता दुसऱ्या देशातील मालवाहतूक गोदामाचा, यांपैकी दोन गोष्टी एकत्र दिसल्या तर माल रोखून धरावा आणि ग्राहकाशी व्हिडिओ कॉलवर बोलावे. खरी हौशी गिऱ्हाईक रंग आणि काठ यांविषयी दहा प्रश्न विचारते. चोराला पदरावर मोर आहे की मुनिया, याच्याशी काही देणेघेणे नसते. माल पोहोचल्याची पावती जपून ठेवावी, पण तिच्यावर विसंबू नये. ‘मला माल मिळाला नाही’ या तक्रारीला ती उत्तर आहे, ‘कार्डच माझे चोरले होते’ या तक्रारीला नाही.

क्रमांक जेथून फुटतो त्याने काही मोजायला नको का, हा आपल्या पत्रात न विचारलेला प्रश्नही येथे येतोच. मोजतो, पण क्वचित आणि कमी. 2013 च्या अखेरीस अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीच्या यंत्रणेतून सुमारे चार कोटी कार्डांचा तपशील चोरला गेला. चोर आत शिरले ते वातानुकूलन व शीतयंत्रांचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या पासवर्डवरून. कार्डे बदलून देण्याचा आणि बुडालेल्या व्यवहारांचा भार आधी हजारो लहानमोठ्या बँकांनी उचलला. नंतर 2015 मध्ये टार्गेटने व्हिसाची कार्डे देणाऱ्या बँकांशी सुमारे 6 कोटी 70 लाख डॉलरची आणि इतर बँकांशी 3 कोटी 94 लाख डॉलरची तडजोड केली. एवढ्या मोठ्या चोरीत उगम निःसंशय सापडला म्हणून हे झाले. आपल्या एका कार्डाचा क्रमांक कोठून गेला हे बहुधा कधीच कळणार नाही, आणि म्हणून नियम उगम न शोधता भार वाटून मोकळे होतात. बँकच उगम असली तर काय होते, हे पुण्याच्या कॉसमॉस बँकेने दाखवले. 11 आणि 13 ऑगस्ट 2018 रोजी तिच्या एटीएम यंत्रणेत घुसखोरी करून, बनावट डेबिट कार्डांच्या आधारे 28 देशांतील एटीएममधून आणि शिवाय हाँगकाँगमधील एका खात्यात मिळून 94 कोटी 42 लाख रुपये पळवले गेले. ठेवीदारांच्या खात्यातून मात्र रुपया कमी झाला नाही. तो फटका बँकेचा होता. सहकारी बँक म्हटल्यावर तो अखेर सभासदांच्याच वाट्याला येतो, हे खरे असले तरी एका खातेदाराने कोसळण्यापेक्षा ते बरे.

तेव्हा आता लेखी तक्रार करा. फोनवरचा तक्रार क्रमांक, एसएमएसची चित्रे, दोन्ही व्यवहारांची वेळ व रक्कम, आपण त्या वेळी गावी होता आणि कार्ड जवळच होते हे विधान, कामकाजाच्या दिवसांचा वर दिलेला हिशेब, आणि बँकेने आपल्या जबाबदारीचा पुरावा द्यावा ही मागणी, एवढे एका पानात बसते. ते ईमेलने आणि शाखेत पोच घेऊन, असे दोन्ही प्रकारे द्या. परिपत्रकानुसार तक्रार मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादातील रक्कम आपल्या खात्यात तात्पुरती जमा करायची असते, तीही मूळ व्यवहाराच्या तारखेपासून, म्हणजे व्याजाचा प्रश्न उरत नाही. 90 दिवसांत निकाल लावायचा असतो, आणि तो लागला नाही तर ठरलेली भरपाई द्यायची असते. आपण बुधवारी फोन केला तेव्हापासूनच हे दिवस मोजायचे आहेत, आजच्या पत्रापासून नव्हे. शिवाय राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतवाहिनी 1930 वर नोंद करून तिचा क्रमांक पत्रात घाला. परदेशी संकेतस्थळावरील चोर त्यामुळे सापडेल अशी आशा मी दाखवत नाही, पण स्वतःच खरेदी करून नंतर कानावर हात ठेवणारा माणूस सहसा पोलिसांकडे जात नाही, एवढे बँकेलाही ठाऊक असते.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा हेच उत्तर पुन्हा पाठवले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही, तक्रार पोर्टलवर मराठीत मजकूर जोडता येतो आणि 14448 या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. अनेकदा लोकपालाचे नाव असलेला मसुदा पाहूनच बँकेचा सूर बदलतो. ‘सद्भावना म्हणून निम्मी रक्कम माफ करतो, प्रकरण मिटवा’ असा प्रस्ताव बहुधा मधल्या काळात येईल. तो फोनवर स्वीकारू नका. स्वीकारायचाच नाही, पण लेखी मागवा, कारण लोकपालापुढे तो उपयोगी पडेल.

नवे कार्ड येईल तेव्हा त्याचा क्रमांक बदललेला असेल. जुन्या कार्डावर वीजबिल, मोबाइल किंवा आयुर्विम्याचा हप्ता परस्पर जात असेल, तर ती सर्व नोंदणी नव्या कार्डावर पुन्हा करावी लागेल. विम्याचा हप्ता आधी पाहा. वीज मंडळ आठवण करून देते, विमा कंपनीची आठवण ईमेलच्या गर्दीत हरवते.